बॅकअप डाइव्ह टॉर्च घेताना लुमेनचे आकडे कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीत अंदमानात नाइट डाइव्ह (रात्रीचं स्कूबा डायव्हिंग) करायची आहे, एरवी मुंबईहून मालवण आणि नेत्राणीला जाणं असतं. मुख्य टॉर्च २००० लुमेनची आहे आणि बॅकअपसाठी तीन टॉर्च बघून ठेवल्या आहेत. पहिलीच्या खोक्यावर ३००० लुमेन, १२० अंश, एका १८६५० सेलवर (रिचार्जेबल लिथियम सेल) दोन तास असं लिहिलंय. दुसरीवर १००० लुमेन, १० अंश, तीही एका १८६५० वर, दीड तास. तिसरी ३०० लुमेनची, ८ अंश, तीन पेन्सिल (एए) सेलवर सहा तास. मुख्य टॉर्चपेक्षा बॅकअपचा उजेड कमी नको म्हणून पहिली घ्यावी का?

नको. बॅकअप म्हणून तिसरी घ्या. दुसरी चालेल, पण दोन अटींवर. पहिली तिन्हींत सगळ्यात "मोठी" दिसते, पण मुख्य टॉर्च विझल्यावर जे काम करायचं असतं त्या कामाला ती सगळ्यात दुबळी आहे. हे कसं, ते आकड्यांनीच दाखवतो. पुढच्या वेळी दुकानात तीनऐवजी तेरा टॉर्च समोर आल्या तरी हाच हिशेब लावता येईल.

तांब्यात पाणी किती आणि धार कशी

लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे पडतो याच्याशी लुमेनला देणंघेणं नाही. तांब्याभर पाण्याचा सडा घातला तर अख्खं अंगण ओलसर होतं, त्याच पाण्याची धार धरली तर ते नेमकं तुळशीच्या बुंध्याशी पोचतं. तांब्यात पाणी किती हे लुमेन सांगतात. धार किती जोरकस आहे हे कँडेला सांगतात. काही कंपन्या कँडेलाऐवजी "१ मीटरवर इतके लक्स" असं छापतात. तो आकडा कँडेलाइतकाच असतो, त्यामुळे थेट तुलना करता येते.

खोक्यावर कँडेला नसतील तर लुमेन आणि कोनावरून अंदाज काढता येतो. लुमेनना त्या कोनाच्या शंकूने व्यापलेल्या घनकोनाने भागायचं. घनकोन काढायचं सूत्र २π × (१ − कोसाइन अर्धा कोन). ते सोडवून आलेले आकडेच लिहून ठेवा: ६ अंशांना ०.००८६, ८ अंशांना ०.०१५३, १० अंशांना ०.०२४, ६० अंशांना ०.८४ आणि १२० अंशांना ३.१४.

आता तीन टॉर्च घ्या. पहिली: ३००० भागिले ३.१४, म्हणजे साधारण ९५० कँडेला. तिसरी: ३०० भागिले ०.०१५३, म्हणजे १९,६०० च्या आसपास. पण अरुंद झोताच्या टॉर्चमध्ये सगळा प्रकाश मधल्या ठिपक्यात जात नाही, बराचसा भोवतीच्या फिकट कड्यात सांडतो. म्हणून अरुंद झोतासाठी आलेलं उत्तर निम्मं करायचं. तरी १०,००० कँडेला उरतात. दुसरीचेही असेच निम्मे केले तर सुमारे २०,०००.

म्हणजे पहिलीच्या एक दशांश लुमेन देणारी तिसरी टॉर्च मधल्या झोतात पहिलीच्या दहापट तीव्र आहे. पाच मीटर अंतरावर किती लक्स पडतील ते बघायला कँडेलाला २५ ने भागा: तिसरीचे ४००, पहिलीचे ३८. हे हवेतले आकडे आहेत. पाण्यात दोन्ही घटतात, पण पहिलीचा तोटा तेवढ्यावर थांबत नाही.

कोनाचा आकडा हवेतला की पाण्यातला, हे मात्र विचारून घ्या. सपाट काचेतून पाण्यात शिरताना झोत आक्रसतो. हवेत १० अंश असलेला झोत पाण्यात साडेसातच्या आसपास होतो, १२० चा जेमतेम ८० होतो. एका कंपनीने हवेतला कोन छापला आणि दुसरीने पाण्यातला, तर दोन सारख्या टॉर्च कागदावर वेगळ्या दिसतात.

पाणी काय करतं

पावसाळ्यात माळशेज घाटात धुक्यात गाडीचा अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते आणि डिपर केला की रस्ता दिसायला लागतो. रुंद झोताची टॉर्च गढूळ पाण्यात तेच करते. तुमच्या डोळ्यांच्या आणि समोरच्या खडकाच्या मधलं सगळं पाणी ती उजळते, त्यातला प्रत्येक कण, प्रत्येक प्लँक्टन चकाकतो आणि मागचा खडक त्या झगमगाटात हरवतो. अरुंद झोत कमी पाणी उजळतो, म्हणून आरपार दिसतं. मालवणच्या पाण्यात गाळ आणि प्लँक्टन भरपूर असतं, तिथे हा फरक पहिल्या मिनिटात कळतो. अंदमानात पाणी स्वच्छ असलं तरी रात्री उजेडाभोवती बारीक किडे, अळ्या गोळा होतात आणि तळाला कुणाचा फिन लागला की वाळूचा ढग उठतो, म्हणून तिथेही रुंद झोत अंगाशी येऊ शकतो.

लुमेनच्या मागे लागणाऱ्यांनी आणखी एक हिशेब डोक्यात ठेवावा. आडवी दृश्यता आठ मीटर असेल तर त्या पाण्यात दर मीटरला थेट किरणांतला ४५ टक्क्यांच्या आसपास प्रकाश शोषला तरी जातो किंवा विखुरतो तरी. तेव्हा उजेड दुप्पट केला की ती वाढ पुढच्या साधारण एका मीटरमध्येच संपते. आणि खडक दिसायचा तर प्रकाशाला जाऊन परत यायचं असतं, म्हणजे पदरात पडतं अर्धा मीटर. हे ढोबळ गणित आहे, झोत पसरतो ते यात धरलेलंच नाही. धरलं तर फायदा आणखी घटतो. १००० लुमेन की २००० लुमेन या वादात पाण्याखाली एवढंच हाती लागतं.

डोळाही सरळ प्रमाणात मोजत नाही. दुप्पट लुमेन डोळ्यांना "थोडं जास्त" वाटतात; दुप्पट उजेड वाटायला ढोबळमानाने चौपट लुमेन लागतात. म्हणून ३०० आणि ४०० लुमेनमध्ये निवड करायची असेल तर त्या शंभर लुमेनकडे बघूच नका, बाकीच्या गोष्टींवर ठरवा.

मुख्य टॉर्चपेक्षा बॅकअप कमी नको, या शंकेत मात्र तथ्य आहे. २००० लुमेनच्या उजेडाला सरावलेले डोळे ती टॉर्च विझताच काही क्षण आंधळे होतात. अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, कामापुरतं सरावायला काही मिनिटं लागतात, आणि नेमकी तीच मिनिटं महत्त्वाची असतात. म्हणून ५०-८० लुमेनची खेळणी बॅकअप म्हणून नेऊ नयेत. पण तुलना करायची ती मधल्या झोताची. मुख्य टॉर्चच्या कँडेलाच्या किमान पाव हिश्शाइतकी तीव्रता बॅकअपमध्ये असावी असं माझं मत आहे. नाइट डाइव्हसाठी १० अंशांच्या आतला झोत, ५,००० ते १५,००० कँडेला आणि २०० ते ५०० लुमेन एवढ्यात काम नीट होतं.

अरुंद झोताचं आणखी एक कारण म्हणजे खुणा. रात्री बडीशी (जोडीच्या डायव्हरशी) बोलायचं साधन टॉर्चच असते: तळावर झोत सावकाश गोल फिरवला म्हणजे ठीक आहे, भराभर आडवा हलवला म्हणजे इकडे बघ, अडचण आहे. ठिपका ठळक असेल तरच ही खूण बडीला त्याच्या स्वतःच्या उजेडात दिसते. १२० अंशांच्या टॉर्चने गोल काढला तर तळावर काहीही हललेलं दिसत नाही. वर आल्यावरही तीच गोष्ट. प्रवाहाने बोटीपासून दूर नेलं असेल तर हवेत उभा धरलेला अरुंद झोत लांबून ओळखू येतो. नावाड्याच्या डोळ्यांवर मात्र बॅटरी मारू नका, त्याला मग पाण्यातलं डोकं दिसणार नाही. झोत स्वतःच्या डोक्यावर किंवा पाण्यावर पाडा.

खोक्यावरचे तास तपासायचं गणित

लुमेन खोटे आहेत का हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. सेलमध्ये ऊर्जा किती आहे ते बघायचं. १८६५० सेलमध्ये आज मिळणारी चांगली क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास असते. ३.६ व्होल्टने गुणलं की १२.६ वॅट-तास. एलईडी, ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट), रिफ्लेक्टर आणि काच यांतला तोटा जाऊन एका वॅटमागे काचेबाहेर साधारण १०० लुमेन येतात; टॉर्च उत्तम असेल आणि मंद चालवली असेल तर थोडे जास्त. म्हणजे एका १८६५० मधून तुम्हाला साधारण १२५० लुमेन-तास मिळतात. लुमेन गुणिले तास हे याच्या आसपास यायला हवेत.

पहिली टॉर्च म्हणते ३००० लुमेन दोन तास. हे झाले ६००० लुमेन-तास, म्हणजे सेलमध्ये आहे त्याच्या जवळजवळ पाचपट. हे शक्य नाही. एक तर ३००० लुमेन काही मिनिटंच मिळतात आणि मग टॉर्च गुपचूप पाचशे-सहाशेवर उतरते, नाहीतर ३००० कधी नसतातच. ३००० लुमेनना सुमारे ३० वॅट लागतात, म्हणजे एका सेलमधून आठ-नऊ अँपिअर सतत ओढायचे. साधा सेल तेवढ्याने तापतो आणि व्होल्टेज बसतं. एलईडीचं नाव लिहिलं असेल तर तेही बघा. क्री कंपनीचा एक्सएम-एल२ हा एकच एलईडी असेल तर १०००-१२०० लुमेनच्या पुढचा दावा सोडून द्या, कारण तो एलईडीच तेवढा प्रकाश देत नाही.

दुसरीचे १५०० लुमेन-तास मर्यादेच्या जरा वर आहेत. हा खोटेपणा असेलच असं नाही, मोजायच्या पद्धतीत त्याचं उत्तर आहे. अमेरिकेत २००९ साली आलेलं एफएल-१ हे टॉर्च मोजण्याचं मानक बऱ्याच प्रामाणिक कंपन्या पाळतात. त्यात लुमेन मोजतात ते टॉर्च लावल्यापासून ३० सेकंद ते २ मिनिटांत. तास मात्र मोजतात ते प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे "१००० लुमेन, दीड तास" याचा अर्थ दीड तासाच्या शेवटी १०० लुमेन उरले तरी आकडा खरा ठरतो. म्हणून विकणाऱ्याला "किती तास चालते" असं विचारू नका. "निम्म्या उजेडावर कधी येते" असं विचारा, किंवा वेळ-उजेडाचा आलेख मागा. आलेख छापणारी कंपनी बहुधा भरवशाची असते.

तिसरीत २००० एमएएचचे तीन रिचार्जेबल पेन्सिल सेल घातले तर ७.२ वॅट-तास, म्हणजे ७२० लुमेन-तास. पूर्ण ३०० लुमेन साधारण सव्वादोन तास मिळतील. सहा तासांतला उरलेला वेळ मंद उजेडाचा. नाइट डाइव्ह पाऊण तासाची असते. मुख्य टॉर्च अगदी सुरुवातीला गेली तरी बडी शोधणं, वर येणं, वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचा सेफ्टी स्टॉप आणि बोटीची वाट बघणं हे सगळं धरून तासभर पुरतं. मुख्य टॉर्च गेली की डाइव्ह तिथेच संपवायची, हे गृहीत धरलं आहे. बॅकअपवर डाइव्ह पुढे चालू ठेवायची नसते.

एफएल-१ मधला "झोताचं अंतर" हा आकडा, १५० मीटर, २०० मीटर वगैरे, डायव्हिंगला निरुपयोगी आहे. हवेत जिथे ०.२५ लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड उरतो, तिथपर्यंतचं ते अंतर. पण त्यावरून कँडेला मात्र काढता येतात: अंतर निम्मं करा आणि त्याचा वर्ग करा. २०० मीटर लिहिलं असेल तर १०० चा वर्ग, म्हणजे १०,००० कँडेला. खोक्यावर दुसरं काहीच नसेल तेव्हा हा उपयोगी पडतो.

वॅटवर जाऊ नका, ती वीज खाण्याची मोजणी आहे, प्रकाशाची नव्हे. आणि "एलईडी लुमेन" किंवा "कमाल लुमेन" लिहिलं असेल तर तो आकडा चिपचा असतो. काचेबाहेर त्यातले सत्तर-ऐंशी टक्के आले तर खूप.

घरी तपासणी: बादली, बाथरूम आणि मोबाइल

डाइव्ह टॉर्च पाण्याने थंड राहील अशा बेताने बनवलेली असते. पूर्ण उजेडावर ती हवेत दहा मिनिटं ठेवली तर तापते आणि आतलं सर्किट उजेड आपोआप कमी करतं, काही टॉर्चमध्ये सर्किट जळतंही. म्हणून वेळ मोजायची तपासणी पाण्यातच करा.

मुंबईतल्या फ्लॅटचं पांढऱ्या टाइल्सचं बाथरूम यासाठी उत्तम. रात्री दिवा बंद करा, दार लावा. बादली भरा, तळाशी स्टीलचा पेला ठेवा आणि त्यात टॉर्च तोंड वर करून उभी करा, काच पाण्याखाली दोन बोटं राहील अशी. झोत छतावर पडतो आणि सगळ्या खोलीत परतून पसरतो. मोबाइलवर लक्स मोजायचं कुठलंही अ‍ॅप घ्या आणि मोबाइल साबणाच्या फळीवर, पडदा वर करून ठेवा. उजेडाचा सेन्सर बहुतेक मोबाइलमध्ये सेल्फी कॅमेऱ्याच्या शेजारी असतो, तो झाकला जाऊ देऊ नका. टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी पहिला आकडा लिहा, मग २ मिनिटांनी, मग दर दहा मिनिटांनी. मोबाइल जागचा हलवू नका आणि पाणी कोमट वाटायला लागलं तर बदला.

आलेल्या आकड्याला स्वतंत्र अर्थ नाही. ४३ आले म्हणजे ४३ लुमेन नव्हेत. दोन मिनिटांचा आकडा १०० टक्के धरा आणि पुढचे आकडे त्याच्या टक्क्यांत लिहा. तीन नमुने दिसतात. रेग्युलेटेड (उजेड एकसारखा राखणारी) टॉर्च बराच वेळ ९५-१०० वर सरळ राहते आणि मग पायरी उतरते. ड्रायव्हर साधा असेल तर पहिल्या मिनिटापासून उतार लागतो. तिसरा नमुना म्हणजे पाच मिनिटांत ३०-४० टक्क्यांवर घसरून मग स्थिर होणारी टॉर्च. खोक्यावरचे लुमेन त्या पाच मिनिटांपुरतेच होते. दोन टॉर्च एकाच जागी, एकाच बादलीत, एकामागून एक मोजल्या तर आकड्यांच्या गुणोत्तरावरून त्यांच्या एकूण लुमेनचं गुणोत्तरही कळतं. एकीचे लुमेन भरवशाचे असतील तर दुसरीचे काढता येतात.

झोताची तीव्रता मात्र अशी कळत नाही, कारण छतावरून परतलेल्या उजेडात रुंद-अरुंद सारखंच होतं. तिच्यासाठी इमारतीचा पॅसेज किंवा लांब खोली घ्या. भिंतीपासून ३ मीटरवर जमिनीला चिकटपट्टी लावा, तिथून भिंतीवर झोत टाका, मधल्या सगळ्यात झगझगीत जागी लक्समीटर धरा आणि आकड्याला ९ ने गुणा. हे झाले कँडेला. एक मीटरवरून मोजू नका, तिथे काही रिफ्लेक्टरांचा झोत पुरता जुळलेलाच नसतो आणि आकडा कमी येतो. इथे मोबाइलचा भरवसा धरू नका, अरुंद झोत थेट पडला की पुष्कळ सेन्सर भरून जातात आणि एकाच आकड्यावर अडकतात. लॅमिंग्टन रोडवर साधा लक्समीटर मिळतो, क्लबमध्ये चौघांत एक पुरे. हवेतली ही मोजणी अर्ध्या मिनिटात उरका. भिंतीवरचा ठिपका टेपने मोजला की कोनही कळतो: ३ मीटरवर ५२ सेंटिमीटर रुंद असेल तर १० अंश, ४२ असेल तर ८, ३१ असेल तर ६.

सेल

मराठीत टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, आणि बॅकअपच्या बाबतीत ते खरंही आहे. उजेडाचा आकडा सेल बदलला की बदलतो. तीन नवे अल्कलाइन पेन्सिल सेल मिळून साडेचार व्होल्ट देतात, तीन रिचार्जेबल ३.६. ड्रायव्हर साधा असेल तर रिचार्जेबलवर टॉर्च सुरुवातीपासून मंद दिसेल. उलट अल्कलाइन सेल एक अँपिअरच्या आसपास ओढले की त्यांच्यावर छापलेल्या क्षमतेच्या निम्म्याजवळच देतात. कंपनीने लुमेन कोणत्या सेलवर मोजलेत ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते वाचा आणि तेच घाला. पेन्सिल सेलच्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेल येतो, तो ३.७ व्होल्टचा असतो. "जास्त उजेड पडतो" म्हणून असे तीन सेल घातले तर ११ व्होल्ट जातात आणि सर्किट जळतं.

१८६५० घ्यायचा तर नामांकित कंपनीचा आणि संरक्षक सर्किट असलेला घ्या. ९९०० एमएएच छापलेला सेल हमखास खोटा. घरातल्या छोट्या काट्यावर ठेवा: खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, ३०-३५ ग्रॅम भरला तर परत करा. संरक्षक सर्किटवाला सेल साध्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर लांब असतो. टॉर्चमध्ये जागा नसताना दाबून बसवला तर झाकणाची शेवटची आटी बसत नाही, ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) नीट दाबली जात नाही आणि पाणी शिरतं.

त्या संरक्षक सर्किटचीच एक अडचण बॅकअपला नडते: व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की ते वीज तोडतं आणि टॉर्च पूर्वसूचनेशिवाय विझते. अल्कलाइन सेलची टॉर्च हळूहळू मंदावत जाते, तुम्हाला वेळ देते. म्हणून एका १८६५० ची बॅकअप घेणार असाल, म्हणजे तुमची दुसरी टॉर्च, तर ती विझण्याआधी आपण होऊन मंद पायरीवर उतरते का आणि सेल संपत आल्याचा दिवा तिला आहे का, हे बादलीत शेवटपर्यंत चालवून पाहा. ही माझी पहिली अट. दुसरी अट, मुख्य टॉर्चसाठी आणलेल्या चार्जरवर ती अवलंबून नसावी. निदान एक जादा भरलेला सेल बरोबर हवा. चार्जर बिघडला तर मालवणच्या बाजारात पेन्सिल सेल कुठल्याही दुकानात मिळतात, चांगला १८६५० मिळेलच असं नाही.

जून ते सप्टेंबर मालवणचं डायव्हिंग बंद असतं आणि टॉर्च कपाटात पडून राहते. तेव्हा सेल आत ठेवू नका. मुंबईच्या दमट हवेत अल्कलाइन सेल फुटून पाझरतात आणि स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर चढतो. त्या थरामुळे जोडणीत रोध वाढतो आणि नवे सेल घालूनही उजेड पिवळट, निम्मा पडतो. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो थर काढा, मग स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. लिथियम सेल निम्मे भरून वेगळ्या डबीत ठेवा आणि ऑक्टोबरात पुन्हा पूर्ण भरा.

स्विच आणि लावायची जागा

उजेड कितीही चांगला असला तरी अंधारात एका हाताने टॉर्च लावता आली पाहिजे. बॅकअपला डोकं पिळून लावायचा स्विच मला सगळ्यात बरा वाटतो. टॉर्चच्या अंगाला जादा छिद्र नाही आणि मोड नाहीत. त्याची खोड एकच: जेमतेम सैल केलेलं डोकं खोलवर पाण्याच्या दाबाने आत ढकललं जातं आणि टॉर्च आपोआप लागते. म्हणून बंद करताना विझल्यावर आणखी अर्धा फेरा सैल करा, पण ओ-रिंग उघडी पडेल इतका नाही. फिरत्या चुंबकी कड्याचा स्विच चांगला चालतो, मात्र कोकणातल्या काही किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूत लोहखनिज असतं आणि ते चुंबकाला चिकटून कडं घासायला लागतं. प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्यात कडं फिरवत धुवा. पाच मोड आणि लुकलुक असलेलं बटण बॅकअपवर नको. घाबरलेल्या हाताने दाबताना नेमका स्ट्रोब लागतो आणि तो बंद करायला पुन्हा चार वेळा दाबावं लागतं.

टॉर्चच्या शेपटीला बोल्ट स्नॅप (खटक्याचा हुक) बांधा तो दोरीने, धातूच्या कडीने नव्हे, म्हणजे अडकला तर कापता येईल. स्नॅप छातीवरच्या डी-रिंगला (डी आकाराच्या कडीला), टॉर्चचं तोंड खाली, आणि टॉर्चचं अंग पट्ट्यावरच्या रबराच्या वेढ्यात. बीसीडीच्या (हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटच्या) खिशात ठेवलेली बॅकअप अंधारात सापडत नाही. लावायचा क्रमही ठरलेला ठेवा: स्नॅप डी-रिंगलाच राहू द्या, आधी टॉर्च लावा, उजेड दिसला की मगच स्नॅप काढून हातात घ्या. उलट क्रमाने हातातून सुटली तर न लागलेली टॉर्च तळाशी जाते.

खोलीच्या आकड्याबाबत थोडक्यात: आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास, ती पावसात वापरायची टॉर्च आहे. नुसतं आयपीएक्स८ लिहिलेलं पुरत नाही, त्यात खोली कंपनी ठरवते आणि ती २ मीटरही असू शकते. मीटरमध्ये खोली छापलेली हवी, ६० किंवा त्याहून जास्त.

आत पाणी गेलंच तर टॉर्च चेहऱ्यापासून दूर धरून अगदी सावकाश सैल करा. खारं पाणी आणि सेल मिळून आत वायू साठतो, झाकण गोळीसारखं उडू शकतं.

विमानात लिथियमचे सेल चेक-इन बॅगेत घालू नका. टॉर्चमधून काढून, प्रत्येकाच्या टोकांना चिकटपट्टी लावून किंवा प्लॅस्टिकच्या डबीत घालून केबिन बॅगेत ठेवा. अंदमानात पोचल्यावर सेल घालताना ओ-रिंगवर केस, वाळू किंवा कापसाचा धागा नाही ना ते उजेडात धरून बघा, सिलिकॉन ग्रीसचं जेमतेम चमक येईल इतकंच बोट फिरवा आणि बोटीवर चढण्याआधी, डाइव्ह सेंटरच्या धुण्याच्या टाकीत टॉर्च लावून पाच मिनिटं बुडवून ठेवा. काचेच्या आतून एकही थेंब किंवा धुकं दिसलं तर ती टॉर्च त्या रात्री पाण्यात नेऊ नका, सेंटरची भाड्याची बॅकअप घ्या.